ई५ वरचं प्यादं सोडताना: तीन मिनिटांच्या डावातला स्टॅफर्ड

सांगलीत पट मांडून बसल्यावर काळ्याकडून तिसऱ्याच चालीत ई५ वरचं प्यादं सोडून दिलं, तर समोरचा पटाकडे बघायच्या आधी आपल्या तोंडाकडे बघतो. हात चुकला की मुद्दाम दिलं, एवढंच त्याला ताडायचं असतं. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी ज्या गावाला बुद्धिबळाचं वळण लावलं, तिथे प्यादं फुकट जाणं ही शिकाऊ पोराची चूक. त्यामुळे स्टॅफर्ड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे हल्ल्यासाठी सुरुवातीलाच मुद्दाम दिलेलं प्यादं) इथे समोरासमोर फार दिवस चालत नाही. एका रविवारच्या स्पर्धेत दोनदा लावला की पुढच्या रविवारी निम्म्या हॉलला त्याचं उत्तर पाठ असतं. खेळणारे तेच, आणि चहाला उभे राहून डाव चिवडणारेही तेच. ऑनलाइन मात्र दर पाच-सहा मिनिटांनी समोर नवा अनोळखी माणूस येतो, आणि त्याच्या घड्याळात फक्त तीन मिनिटं असतात. हा गॅम्बिट जगतो तो या दोन गोष्टींवर. पटावर त्याचं समर्थन करता येत नाही, घड्याळावर करता येतं.

चाली अशा (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची). पांढरा ई४, काळा ई५. पांढरा घोडा एफ३, काळा घोडा एफ६. इथवर हा पेट्रॉव्ह बचाव, एकोणिसाव्या शतकातल्या रशियन खेळाडूच्या नावाचा आणि अगदी सभ्य. तिसऱ्या चालीत पांढरा घोडा ई५ वरचं प्यादं मारतो. पुस्तक सांगतं, आता डी६ खेळून घोड्याला हुसकवा. आपण तसं न करता घोडा सी६ वर आणतो. चौथ्या चालीत पांढरा सी६ वरचा घोडा मारतो, आपण डी७ च्या प्याद्याने परत मारतो. घोड्याला घोडा गेला, वर आपलं एक प्यादं गेलं.

परत मारताना बी७ चं नाही, डी७ चंच प्यादं. इथे चुकणारे बरेच दिसतात, कारण 'प्याद्याने मध्याकडे मारावं' हा नियम हाताला बसलेला असतो. डी७ चं प्यादं हललं की एकाच फटक्यात सी८ च्या उंटाला वाट मिळते आणि वजिरापुढची डी ओळ मोकळी होते. पुढचे जवळजवळ सगळे सापळे या दोन गोष्टींवर उभे आहेत. बी७ ने मारलं तर प्यादंही गेलं आणि या दोन्ही गोष्टीही गेल्या.

या स्थितीत इंजिन, म्हणजे चाली मोजणारा संगणक, पांढऱ्याला साधारण दीड-दोन प्याद्यांनी वर दाखवतं. गॅम्बिटला नाव पडलं ते १९५० सालच्या, टपालाने खेळलेल्या एका डावावरून. गंमत अशी की टपालाच्या डावात विचाराला दिवसच्या दिवस असतात आणि तिथेही माणूस फसला होता. पुढे बरीच वर्षं तो अडगळीत पडला. २०२० च्या आसपास एरिक रोझेन या आंतरराष्ट्रीय मास्टरने लाइव्ह डावांत तो इतक्यांदा खेळून दाखवला की पोराटोरांना माहीत झाला. म्हणजे आज समोरच्याने हे नाव ऐकलेलंच नसेल असं धरून चालायचं नाही. नाव माहीत असणं आणि पाचव्या-सहाव्या चालीत, घड्याळ पळत असताना, नेमकं उत्तर आठवणं यात अंतर आहे, आणि आपलं दुकान त्या अंतरात.

वेळेबद्दल आधी बोलू, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. ३+०, म्हणजे तीन मिनिटं आणि चालीमागे वाढ नाही, हा या गॅम्बिटला सर्वांत मानवणारा प्रकार. ३+२ मध्ये प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढतात. पन्नास चालींचा डाव झाला तर समोरच्याला शंभर सेकंद जास्त मिळतात, आणि एक प्यादं वर असलेला माणूस तेवढ्यात शांतपणे डाव ओढून नेतो. १+० मध्ये सापळे जास्त लागतात, पण न लागलेल्या डावात पडकी बाजू सावरायला आपल्यालाही वेळ नसतो. १०+० मध्ये खेळू नये. तिथे समोरचा सहाव्या चालीला दीड मिनिट घेतो आणि हल्ल्यातली हवा जाते. लायचेस या बुद्धिबळाच्या साइटवरच्या अरिना स्पर्धेत बर्सर्कचं बटण दाबून स्वतःचं घड्याळ निम्मं करायची सोय असते. या गॅम्बिटला तो मोह टाळावा. दिलेल्या प्याद्याच्या बदल्यात मिळालेली वस्तू म्हणजे घड्याळातली आघाडी, आणि तीच आपण हाताने फेकून देतो.

पहिल्या चार चाली मिळून आपले चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त जाता कामा नयेत. त्यासाठी प्रीमूव्ह लागतो, म्हणजे समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली चाल लावून ठेवणं. तिसरी चाल, घोडा सी६, बिनधास्त प्रीमूव्ह करावी. पांढऱ्याने ई५ न मारता उंट सी४ खेळला तर 'दोन घोडे' बचाव होतो, घोडा सी३ खेळला तर 'चार घोडे', डी४ खेळला तरी डाव खेळण्याजोगा राहतो. कुठेच काही सांडत नाही. चौथी, डी७ ने सी६ मारणं, हीसुद्धा निर्धोक. पांढऱ्याने सी६ वर मारलंच नाही तर तिथे आपलाच घोडा उभा असतो, चाल बेकायदा ठरते आणि प्रीमूव्ह आपोआप रद्द होतो.

पाचवी मात्र कधीही प्रीमूव्ह करू नये. आपल्याला बहुतेक वेळा उंट सी५ वर न्यायचा असतो, त्यामुळे हात शिवशिवतो. पांढऱ्याने पाचव्याला डी४ खेळलेलं असेल तर सी५ वरचा उंट प्याद्याच्या तोंडात जातो. ई५ खेळलेलं असेल तर एफ६ वरचा घोडा मरतो. या एका घाईपायी गेलेले डाव सापळ्यात मिळालेल्या डावांइतके होऊ शकतात. पाचव्या चालीला एक पूर्ण सेकंद थांबायचं, पांढऱ्याचं कुठलं प्यादं हललं ते बघायचं आणि मग हात लावायचा.

आता सगळ्यांना आवडणारा सापळा. पाचव्याला पांढरा डी३ खेळतो, आपण उंट सी५. ई४ च्या प्याद्याला आधार दिला, सगळं ठीक दिसतं. सहाव्याला तो उंट जी५ खेळतो आणि आपला घोडा वजिरासमोर बांधतो, म्हणजे घोडा हलला की वजीर उघडा. शाळेत शिकवलेली, हातात बसलेली चाल. आता घोडा ई४ वरचं प्यादं मारतो.

या क्षणी समोरच्याचं घड्याळ बघण्यासारखं असतं. आपण चाल एका सेकंदात केलेली असते. त्याला डी८ वर वजीर उघडा दिसतो, मध्ये काहीच नाही. काहीजण अर्ध्या सेकंदात उंट डी८ वर आणून वजीर उचलतात. मग आपला उंट एफ२ मारतो, शह. राजाला जायला एकच घर आहे, ई२. एफ२ वरच्या उंटाला ई४ च्या घोड्याचा आधार आहे म्हणून तो मारता येत नाही, डी२ वर त्याच घोड्याची नजर आहे, डी१ वर स्वतःचा वजीर आणि एफ१ वर स्वतःचा उंट. मग सी८ चा उंट जी४ वर येतो आणि मात. ई१ आणि ई३ एफ२ च्या उंटाने धरलेत, एफ३ जी४ च्या उंटाने, डी३ वर स्वतःचंच प्यादं. आठ चालींत डाव संपतो. समोरच्याला कायदेशीर चाल एकच असल्यामुळे ही शेवटची चाल प्रीमूव्ह करता येते.

पण सगळे वजीर घेत नाहीत. जो चार सेकंद थांबतो त्याला घोड्याचा वास येतो आणि तो डी३ च्या प्याद्याने ई४ वरचा घोडा मारतो. आता डी ओळ उघडली. उंट एफ२ मारून शह द्यायचा. राजाने उंट मारला तर त्याच्या वजिराचा राखणदार गेला, आपला वजीर डी१ वर जाऊन त्याचा वजीर घेतो. राजा ई२ वर गेला तर आधी उंट जी४ शह, मग राजाने एफ२ मारलं की वजीर डी१. इथे प्रीमूव्ह लावायचा नाही. राजा ई२ वर गेलेला असताना वजिराने थेट डी१ मारलं तर राजा परत मारतो, वजिराला वजीर जातो आणि आपला घोडा दोन प्याद्यांत गेलेला राहतो. एकाच स्थितीत दोन उत्तरं, आणि त्यातलं एक आपल्याला बुडवणारं.

तिसरी वाट म्हणजे पांढरा उंट ई३ वर मागे घेतो. उंटाला उंट मारायचा, एफ२ च्या प्याद्याने तो परत मारतो, आणि वजीर एच४ वर शह. राजा ई२ वर आला तर वजीर एफ२ वर मात. जी३ खेळला तर घोडा जी३ मारतो, एच२ चं प्यादं घोडा घेतं आणि आपला वजीर एच१ चा हत्ती. वजीर एच४, घोडा जी३, वजीर एच१ हा गोफ डोक्यात पक्का करून ठेवावा, कारण तो इतरत्रही येतो.

उदाहरणार्थ, पाचव्याला पांढरा ई५ खेळून घोड्याला हाकलतो तेव्हा. घोडा मागे न्यायचा नाही, पुढे ई४ वर टाकायचा. डी३ खेळून त्याने घोड्यावर हल्ला केला की उंट सी५, आणि वर सांगितलेलंच एफ२ वरचं प्रकरण सुरू. टपालाच्या त्या डावातला सापळा हाच. डी३ ऐवजी डी४ ही त्याची बरोबर चाल. त्यावर वजीर एच४, एफ२ वर मातेची धमकी. इथे घाबरून जी३ खेळणारे खूप. घोडा जी३ मारतो, एफ२ च्या प्याद्याने घोडा घेतला की वजीर ई४ वर शह आणि एच१ चा हत्ती मोकळा. पांढऱ्याने सातव्याला उंट ई३ खेळला तर मात्र आपल्याकडे घड्याळाशिवाय फारसं काही उरत नाही.

पाचव्याला घोडा सी३ आला तर उंट सी५, आणि पुढे बघायचं. सहाव्याला उंट सी४ म्हणजे पांढरा नेहमीच्या सवयीने खेळतोय. घोडा जी४, एफ२ वर दोन मोहरे. त्याने कॅसलिंग (किल्लेकोट) केलं की वजीर एच४, एच२ वर मातेची धमकी. एच३ खेळून वाचवायला गेला की घोडा एफ२. वजीर एफ३ खेळून त्यानेच मातेची धमकी दिली तर घोडा ई५ वर परत येतो आणि वजीर-उंट दोघांना एकदम धरतो. पण सहाव्याला शांतपणे एच३ खेळणारा माणूस निराळा. घोड्याला जी४ मिळत नाही आणि आपल्या सगळ्या गोष्टी जी४ वरून सुरू होतात. तिथे चिडून उंटाने एफ२ मारायचं, राजाने उंट घेतला की घोडा ई४ शह, घोड्याने घोडा घेतला की वजीर डी४ शह आणि मग ई४ वरचा घोडा परत मिळवायचा, ही एक प्रसिद्ध उडी आहे. हिशेब मांडला तर पांढरा वजीर ई२ वर आणून वजिराला वजीर देतो आणि एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा उंट जास्त घेऊन बसतो. समोरच्याच्या घड्याळात पंधरा सेकंद असतील तर मारा उडी. दोन मिनिटं असतील तर कॅसलिंग करा आणि प्यादं कमी आहे हे मान्य करून खेळा.

खरी परीक्षा डी३ नंतरच्या उंट ई२ ची. ज्याने थोडं वाचलंय तो हेच खेळतो. यावर आपली चाल एच५. बघणाऱ्याला हसू येईल अशी, पण तिचं कारण आहे. आता घोडा जी४ वर गेला आणि पांढऱ्याने उंटाने किंवा एच३ च्या प्याद्याने तो मारला, तर एच५ च्या प्याद्याने परत मारून एच ओळ उघडते आणि एच८ चा हत्ती न हलता हल्ल्यात येतो. समजा त्याने सातव्याला कॅसलिंग केलं, घोडा जी४, त्याने एच३. घोडा तिथेच राहू द्यायचा आणि वजीर डी६. प्याद्याने घोडा घेतला, आपण एच५ ने परत घेतलं, आणि एच२ वर मात दिसतेय. ती थांबवायला तो जी३ खेळला तर वजीर जी३ मारतो आणि मात, कारण एफ२ चं प्यादं सी५ च्या उंटामुळे राजासमोर बांधलेलं आहे. तेच प्यादं एफ४ खेळून पळायला बघतं तर तेही बेकायदा. ज्याला हे बांधलेलं प्यादं दिसत नाही तो डाव सोडण्याआधी एफ२ वर दोन-तीनदा क्लिक करून बघतो. घड्याळात ते सेकंद पळताना दिसतात. आठव्याला घोडा उंटाने मारून उंट एफ४ वर आणून बसवणं हा त्याचा नीट मार्ग. डी६ ते एच२ ही तिरपी रेघ तिथे बंद होते.

आणि या सगळ्यावरचा उतारा: सातव्याला कॅसलिंग न करता सी३. घोडा जी४ आला की डी४, आणि सी५ च्या उंटाच्या तोंडावर दार बंद. वजीर एच४ वर गेला तर जी३, वजीर एफ६ वर सरकला तर एफ३. प्रत्येक चालीला आपलाच मोहरा मागे ढकलला जातो. मध्यावर डी४-ई४ ची जोडी आणि एक प्यादं वर. इथे काळ्याकडे जादू नाही, शोधण्यात वेळ घालवू नये. आठव्या चालीला उंट डी६ वर मागे घ्यायचा, सी८ चा उंट बाहेर काढायचा, वजीर ई७ वर, आणि मोठा किल्लेकोट. राजा सी८ वर, हत्ती डी८ वर, दोन्ही उंट शाबूत. हे सगळं पाच-सहा सेकंदांत झालं पाहिजे. समोरच्याने इथवर येताना तीस-चाळीस सेकंद घालवलेले असतात, आणि तेच आपलं भांडवल.

त्या भांडवलावर पुढे कसं खेळायचं, हे कुणी शिकवत नाही. सापळ्यांचे व्हिडिओ मातेपाशी संपतात, आपले बहुतेक डाव मात्र तिथे संपत नाहीत. एक प्यादं कमी, सी ओळीवर दुहेरी प्यादी, आणि दीड मिनिट. पहिला नियम, वजिराला वजीर देऊ नका. वजीर गेला की प्याद्याचं ओझं दर चालीला वाढतं. दुसरा, दोन्ही उंट जपा. मोकळ्या पटावर उंटांची जोडी समोरच्याला प्रत्येक चालीत काहीतरी तपासायला लावते. तिसरा, शह आहे म्हणून शह देऊ नका. शहाला उत्तर देणं सोपं असतं, एकदोन सेकंदांत होतं. त्याऐवजी साधी धमकी द्या, म्हणजे कुठल्या मोहऱ्यावर हल्ला आहे हे त्याला शोधावं लागेल. शेवट उंटांवर आला आणि दोघांचे उंट वेगळ्या रंगांच्या घरांवर असले तर एक प्यादं कमी असूनही बरोबरी बहुधा होते, तेव्हा घोड्यांची अदलाबदल त्या हिशेबाने करा. घड्याळावर जिंकायचं तर स्वतःकडे किमान एक प्यादं किंवा हत्ती ठेवा. नुसता राजा राहिला आणि समोरच्याचा वेळ संपला तर डाव बरोबरीत जातो.

पांढऱ्याने गॅम्बिट घेतलाच नाही तर काय, हे थोडक्यात. चौथ्याला घोडा एफ३ वर परत गेला, तर घोड्याने ई४ मारून प्यादं वसूल. चौथ्याला डी४ खेळून त्याने घोड्याला आधार दिला, तर घोड्याला घोडा देऊन ई४ चं प्यादं परत. चौथ्याला घोडा सी३ खेळला आणि आपण ई५ वरचा घोडा मारला, तर डी४ नंतर त्यानेच घोडा देऊन हॅलोवीन गॅम्बिट खेळल्यासारखं होतं. गॅम्बिट खेळायला बसलेल्यावर कुणी गॅम्बिट टाकला की गंमत वाटते, पण तिथे घोडा आपल्याकडे जास्त आहे, शांत राहायचं. जाता जाता, आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही सहसा एकच घर चालायचं. त्या पटावर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं.

सरावाची पद्धत. आधी खऱ्या पटावर, लाकडी किंवा प्लास्टिकचा कसलाही चालेल, वरच्या चार वाटा हाताने लावून बघा: डी३, ई५, घोडा सी३, आणि डी३ नंतरचा उंट ई२. स्क्रीनवर बघितलेलं दोन दिवसांत पुसतं, हाताने लावलेलं टिकतं. मग चौथ्या चालीनंतरची स्थिती इंजिनासमोर मांडून वीसेक डाव काळ्याकडून आणि, हे महत्त्वाचं, दहा डाव पांढऱ्याकडून. पांढऱ्या बाजूने बसलं की कळतं, माणसाला कुठे भीती वाटते आणि कुठे मोह होतो. नंतर रेटिंग न मोजणारे डाव. ते पन्नास झाले की डाव संपल्यानंतर फक्त पाचवी ते नववी चाल तपासायची. अठ्ठाविसाव्या चालीतली चूक या कामाची नाही. लायचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये, म्हणजे खेळल्या गेलेल्या डावांच्या नोंदीत, रेटिंगचा गट आणि ब्लिट्झ (असे झटपट डाव) असं गाळून बघता येतं, म्हणजे आपल्या पातळीचे लोक पाचव्याला काय खेळतात ते दिसतं. तिथे सी३ वरचा घोडा जास्त दिसत असेल तर तीच वाट आधी घासा. डाव चालू असताना ते पान उघडणं म्हणजे फसवणूक. लायचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही मोठ्या साइटवर खातं बंद होऊ शकतं, आणि व्हायलाच पाहिजे.

प्रीमूव्हच्या बाबतीत दोन साइटचा फरक लक्षात ठेवा. लायचेसवर एका वेळी एकच प्रीमूव्ह लागतो आणि त्याला वेळ लागत नाही. चेस डॉट कॉमवर एकापुढे एक बरेच लावता येतात, पण प्रत्येकाला एक दशांश सेकंद कापला जातो. तिथे पाचवी चाल नकळत रांगेत जाऊन बसते, आणि सी५ वरच्या उंटाची कथा वर सांगितलीच आहे.

बाकीच्या अडचणी यंत्राच्या. फोनवर खेळत असाल तर बोटं कोरडी हवीत. भडंग खाता खाता स्टॅफर्ड खेळणाऱ्याचा उंट जी४ ऐवजी एफ५ वर उतरतो, आणि वजीर देऊन बसलेल्याला ते परवडत नाही. ओढून चाल करण्यापेक्षा मोहरा टॅप करून घर टॅप करणं फोनवर कमी चुकतं. पावसाळ्यात लाईट गेली की वायफाय जातं, फोन मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि त्या उडीत घड्याळ थांबत नाही. आभाळ भरून आलेलं असेल तर आधीच डेटावर खेळायला बसावं. सापळा मांडून झालाय, समोरचा वजीर उचलतोय, आणि आपली मातेची चाल 'पुन्हा जोडत आहे' या ओळीखाली अडकून पडलीय, यापेक्षा वाईट काही नाही.

आणखी एक बघायचं, ते म्हणजे समोरचा किती वेगाने खेळतोय. डी३, उंट ई२, सी३ या तीन चाली त्याने मिळून तीन सेकंदांत केल्या तर त्याला सगळं माहीत आहे. तो डाव खेळून संपवा. त्याने रीमॅच मागितली तर रंग बदलतात, म्हणजे पुढचा डाव आपण पांढऱ्याने खेळणार, आणि तिसऱ्या डावात पुन्हा काळे. त्या तिसऱ्या डावात दुसरी चाल घोडा सी६ खेळून ई५ चं प्यादं राखून ठेवायचं. तो माणूस आता ओळखीचा झालाय, रविवारच्या हॉलमधल्यासारखा.